कच्ची शिवण

सीक्रॉफ्टच्या ग्रंथालयात, खुर्च्या बाजूला सारून
त्यांनी टेबलावर लीड्स अंथरलंय.
आहेत ते रूळ काळे, सलग.
होऊ घातलेले जांभळे, तुटक.

मी कपडे अल्टर करते, सोळा वर्षं.
तुटक रेघ मला कळते.
हा धावदोरा.
माप पटेपर्यंत घालायचा,
मग पक्की शिवण मारायची
किंवा एका झटक्यात ओढून काढायचा.

गळ्यात ओळखपत्र लटकवलेला मुलगा सांगतो,
अकरा मिनिटांत शहरात.
आज मला दोन बस, पंचावन्न मिनिटं,
आणि मांडीवर कुणाच्या तरी लग्नाचा सूट.

शेजारी अर्नशॉ. पूर्वी बस हाकायचे.
नकाशाकडे पाहिलंही नाही,
खिशातून काढली चार जुनी पत्रकं,
चार रंगांची.
"हे पाचवं," म्हणाले,
आणि घडी घालून तेही नीट त्यांच्यात ठेवलं.

मत द्यायला एक हिरवी टिकली मिळते.
जांभळी रेघ आमच्या चौकाच्या
बोटभर अलीकडेच संपते.
मी टिकली बोटभर पुढे लावली.

मुलगा म्हणाला, इथे तर काहीच नाहीये.
म्हटलं, असू दे.
शिवताना थोडी माया सोडावी लागते.