टॅन्सीची हजामत

मुलगी निघाली दक्षिणेच्या बर्फातल्या तळावर, आठ महिन्यांसाठी,
आणि जाताना ओसरीत ठेवून गेली
एक पट्टा, एक पेटी, तीन पानी सूचना
आणि जर्दाळूच्या रंगाची, माझ्या मांडीला लागणारी ही बाई.
म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला काय अवघड?
उभा जन्म कातरण्यात गेला तुमचा.’

गेला खरा.
गोरपासून ब्लफपर्यंत विचारा कुणालाही,
स्ट्रुअन मॅकेरोनं एका दिवसात तीनशे बारा कोकरं मोकळी केली होती.
मुंडी गुडघ्यांत, पोटापासून सुरुवात,
मग पाठीवरचा तो लांब पल्ला,
आणि लोकर अंगरख्यासारखी एका तुकड्यात खाली.
कोकरू वळून बघत नाही.
घसरणीवरून अंगणात जातं. संपलं.
तीनशे बारांपैकी एकाचाही चेहरा मला आठवत नाही.

ही बघते.
त्याच शेडमध्ये, त्याच तुपकट झालेल्या फळ्यांवर
आता एक जुनं टेबल, वर रबरी पायपुसणं,
आणि तिचे डोळे सारखे माझ्या तोंडावर,
जणू मी काहीतरी सांगायला उभा आहे
आणि शब्द सापडत नाहीयेत.

पहिल्या शनिवारी सूचना वाचल्या नाहीत.
वरवर ब्रश फिरवला, फुलली झकास.
शेजारची मोरॅग म्हणाली, ‘काय रूप!’
आणि कानामागे, काखेत, पट्ट्याखाली
जट धरत राहिली आतल्या आत.
बोट घालून पाहिलं तेव्हा नमदा झाला होता.

कुरणं दूधवाल्यांना विकली त्या वर्षापासून
एफी शेडमध्ये आली नव्हती.
भांडण म्हणाल तर झालं नाही.
वरवर ब्रश फिरवत होतो आम्ही.

तर, रीत अशी:
भांग पाडायचा, रेघेरेघेनं जायचं, कातडी दिसेपर्यंत.
मग लोखंडी कंगवा. अडला, की पुन्हा मागे.
जिथं मी वीस मेंढ्या उरकायचो
तिथं हिचा एक खांदा होतो.
म्हातारा रॉय, माझा राखणीचा कुत्रा, दारात पडून असतो
आणि माझ्याकडे बघायचं टाळतो.

पान दोन, ठळक अक्षरांत: पातं तापतं,
आधी आपल्या मनगटाला लावून पाहा.
लावलं. पोळलं.
चाळीस वर्षं हे पातं माझ्या हातात होतं.

थोबाड जमलं, शेपटीचं बूड जमलं,
पण पाय!
बोटांच्या बेचक्यांत मशीन गेलं रे गेलं
की पंजा आत, असा,
सावकाराला पाहून दार लावावं तसा.
मी ओरडलो. ती थरथरली, पण टेबलावरून उतरली नाही.
त्याचीच मला जास्त लाज वाटली.

तेव्हा एफी आली.
घरातल्या चपला, नाकावर चष्मा, हाताला पीठ.
काही न बोलता टॅन्सीचं डोकं काखेत घेतलं
आणि तिसरं पान मोठ्यानं वाचू लागली,
भविष्य वाचावं तशी:
‘घाई करू नये. पाय घट्ट धरू नये.
कोपर हलकं उचलावं. श्वास सोडावा.’
‘कुणी?’ मी विचारलं.
‘लिहिलं नाहीये,’ एफी म्हणाली.
दोघांनी सोडला.
तिघांनी, खरं तर.

तीन पाय झाले. गुळगुळीत, मुलीच्या बोटांसारखे.
आणि मग रॉय भुंकला कशावर तरी
आणि बाईसाहेब टेबलावरून थेट दारातून, कुंपणावरून,
दोन तासांची माझी मेहनत घेऊन
माटाउरा नदीत.

पोहते कशी, सांगू?
कुणी शिकवलेलं नाही. डोकं वर, कान दोन्हीकडे पसरलेले,
प्रवाहाला तिरपी, बदकांच्या मागे.
एवढं सगळं केस-फुगवणं ज्या अंगासाठी
ते अंग पाण्याचं होतं, हे सूचनांत नव्हतं.

बाहेर आली ती निम्मी होऊन.
आमच्या दोघांमध्ये येऊन उभी राहिली आणि झटकली.
एफीचा चष्मा गेला, माझी टोपी गेली.
एफी इतकी हसली की खाली बसली चिखलात.

रात्री जुनी मोजणीची वही काढली.
शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची.
खाली लिहिलं: शनिवार, एक.
मग विचार करून, खरं तेच लिहावं म्हणून,
पुढे जोडलं:
मागचा डावा पाय बाकी.