सायक्सबाईंची तबकडी

शनिवारी दहा ते एक, हडर्सफील्डात,
लॉकवुडच्या चॅपलमागच्या हॉलमध्ये माझं टेबल खिडकीशी,
टोस्टर दुरुस्त करणाऱ्या डेरेकच्या शेजारी.
मॉरीन सायक्स आल्या. भाजीच्या पिशवीत टॉवेल,
टॉवेलात लॅपटॉप, गुटगुटीत, काळा, २००८ चा.
म्हणाल्या, सुरू व्हायला इतका वेळ घेतो
की मी चहा करते, पिते, कप विसळते.
आणि आता आतून टकटकतो.

कान लावला.
टक. टक. मग एक लांब घरघर. टक.
इचलकरंजीला आमच्या भिंतीपलीकडे माग चालायचे,
धोटा आता अडकणार, हे मला झोपेतही कळायचं.
ह्या गावातले माग कधीच थांबले,
कान तेवढा कामाला आला.

पाठीमागे दोन स्क्रू. एकाचं डोकं झिजलेलं,
मध्ये रबरबँड धरून फिरवला तेव्हा सुटला.
अडीच इंची डिस्क, जाडी साडेनऊ मिलिमीटर.
नवी भरते सात. उरलेली जागा
प्लास्टिकच्या चौकटीनं भरायची, नाहीतर खुळखुळते,
धाकट्यानं थोरल्याचे बूट घातल्यासारखी.

डेरेक म्हणाला, घालायचीच तर दोन टेराबाइटची घाल.
मी आत किती आहे ते बघितलं. एकतीस गिगाबाइट.
एवढीशी ज्वारी, तिला पेव कशाला?
शिवाय ह्या मशीनची गल्ली जुनी;
शर्यतीचा बैल आणलास तरी चालतच जाणार.
दोनशे चाळीसची पुरे. सतरा पौंड.
बाईंनी नाणी मोजून दिली,
वर एक पौंड चहाच्या डब्यात.

एकतीसात काय होतं? क्लिफर्डची कबुतरं.
पायातल्या कड्याचा नंबर, कुठून सोडलं, कधी सोडलं,
वारा कुठला, घरी किती वाजता, सेकंदासकट.
बारा उन्हाळे.
तो गेल्यापासून मी नुसतं उघडते, म्हणाल्या,
टाइप काही करत नाही.

नक्कल रात्रभर चालली, माझ्या स्वयंपाकघरात.
मरणपंथाला लागलेल्या डिस्कला घाई करू नये.
देईल ते आधी घ्यावं, अडेल ते सोडून पुढे जावं,
मग परत यावं, हळू, उलट्या बाजूनं.
चार वाजता उठून पाहिलं, एक फाइल हटून बसलेली.
सहाला मी हात टेकले.
जुलै २०११, एक शनिवार.

पुढच्या खेपेला तोंड पाडून सांगितलं.
तो दिवस? बाई म्हणाल्या. धुकं होतं.
तसंही कुणी आलं नव्हतं.

बटण दाबलं. अठरा सेकंदांत पडद्यावर
निळसर मानेची एक मादी, क्लिफर्डच्या मनगटावर.
बाईंनी कान लावला. पुन्हा लावला.
बंद पडलाय हा.
नाही, आता आत काही फिरतच नाही.
काहीच नाही?
काहीच नाही.
त्यांनी वर हात ठेवून बघितला,
इस्त्री तापली का बघतात तसा.
मग मी चहा कधी करायचा? म्हणाल्या.

जुनी डिस्क त्यांना हवी होती.
चांदणीच्या खाचेचे सहा स्क्रू, सातवा लेबलाखाली लपलेला.
झाकण उघडलं की धूळच तिचा निकाल लावते.
आत काचेची तबकडी, आरशाहून नितळ.
तिच्यात माझं नाक, डेरेकची टोपी,
आणि मागे सगळा हॉल, उलटा.

जूनच्या शेवटी त्यांनी वाटाणे तोडायला बोलावलं,
टेकडीवरच्या भाड्याच्या वाफ्यात.
बांबूला सुतळी, सुतळीला तबकडी.
वाऱ्यानं गिरकी घ्यायची, ऊन फेकायची,
रानकबुतरं शेंगा टिपतात, त्यांना बुजवायला.
मी काही बोलले नाही. बाईही नाही.
दुपारी एक आलंच, बिनकड्याच्या पायांचं,
तबकडीच्या अगदी शेजारच्या बांबूवर बसलं.
बाईंनी हातातली टोपली खाली ठेवली
आणि घड्याळ बघितलं.