सात नाही, एक होय

सर्कलच्या पुलाखाली माझं टेबल,
वर छत्री, छत्रीवर साबणाची जाहिरात,
आणि अक्राचा जानेवारी:
सहारातून निघालेली धूळ
थेट चार्जिंगच्या भोकात येऊन बसते.
माझा निम्मा धंदा त्या धुळीवर.

अकोफानं रुमालाची गाठ सोडली.
काळा फोन, कोपऱ्यातून तडा गेलेली काच.
"नवऱ्याचा. पोराला द्यायचाय, केटाच्या शाळेत जातोय.
नऊ ठिपके आहेत. एलिकेम ते कसे जोडायचा, माहीत नाही.
बेचाळीस दिवस जोडून बघतेय."

मी फोन उन्हात तिरका धरला.
कधीकधी बोटाची वाट दिसते काचेवर.
दिसली, पण सगळी तिचीच.
शोधता शोधता
तिनं त्याची वाट पुसून टाकली होती.
हे मी बोललो नाही.

"सगळं पुसावं लागेल."
"फोटो?"
"जातील."
"आवाज?"
"कुठला आवाज?"
"राहू दे," म्हणाली.

दोन बटणं एकत्र दाबून धरली.
पडद्यावर हिरवा यंत्रमानव उताणा,
पोट उघडं, वर लाल त्रिकोण:
आज्ञा नाही.
इथून पुढे बोट लावून काही होत नाही.
आवाज कमी करायच्या बटणानं
एकेक पायरी उतरायची, विहिरीत उतरल्यासारखी.

जुना फोन. त्यात यादी अशी यायची:
नाही
नाही
नाही
नाही
नाही
नाही
नाही
होय, सगळं पुसा.
ज्यानं कुणी हे बनवलं
त्याला माणसांच्या बोटांची माहिती असावी.

शेवटचं बटण गिऱ्हाइकानं दाबायचं, हा माझा नियम.
चौथ्या नाहीवर ती थांबली.
शेजारच्या केंकेवालीला भाव विचारला.
महाग आहे म्हणाली.
मग उतरली खालपर्यंत.

लोकांना वाटतं काहीतरी मोठं होईल.
तळाशी एक ओळ येते: पुसत आहे.
आइस्क्रीमवाल्याची सायकल भोंगा वाजवत गेली.
झालं.

फोन उठला, तान्ह्यासारखा उजळ,
भाषेमागून भाषेत नमस्कार करू लागला.
आमची एवे त्यात नव्हती.
आणि मग, कोरी पाटी पुढे धरून विचारलं त्यानं:
याआधी कुणाचं खातं होतं इथे?
सिद्ध करा.

"सगळं विसरला," अकोफा म्हणाली,
"आणि धनी तेवढा ध्यानात. कुत्रा मेला."

आडवाटा आहेत. मला येतात.
चोरही माझ्याच टेबलाशी येतात,
म्हणून मी त्या लगेच सांगत नाही.
तोवर तिनं स्वतःच्या फोनवरून
कुणाला तरी अफलाओच्या थांब्यावर गाठलं होतं.
एलिकेमची ट्रोट्रो आता त्या माणसाची.
"उन्हाची फळी खाली कर. मागे बॉलपेननं लिहिलंय बघ."
"थांब, चष्मा लावतो."

तो एकेक अक्षर वाचत गेला,
ती मोठ्यानं म्हणत गेली, मी टाइप करत गेलो.
मोठं अक्षर, लहान, लहान,
अर्ध्यावर ती गप्प झाली.
पलीकडून तो विचारतोय, ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?
फोन माझ्या हातातून घेऊन
उरलेलं तिनं न विचारता टाकलं.
पासवर्ड इथे लिहीत नाही. धंद्याचा नियम.

फोटो आले नाहीत.
डेटा वाचवायला त्यानं ते बंद ठेवलं होतं.
नावं मात्र आली, भरभरून, थव्यानं:
टायर, दुसरा टायर, डिझेल उधारी,
बरा पोलीस, वाईट पोलीस,
अकोफा,
अकोफा नवा,
अकोफा नवा दोन,
अकोफा हाच खरा.
"सिम हरवायचे माझे," ती म्हणाली,
जणू मी हिशेब मागितला होता.

तीस सेडी झाले. तिनं पंचवीस दिले.
नवी काच चढवली,
तडकलेली डब्यात टाकली,
फोन रुमालात बांधायला घेतला
तर तिनं माझा हात धरला:
"फोन राहू दे पिशवीत.
ती काच द्या इकडे."