दोन चौकटी

माझ्या पुस्तकात प्रत्येक शब्दाला दोन चौकटी.
पान : एक पिंपळाचं, एक वहीचं.
माळ : एक झेंडूची, एकावर शेळ्या चरतात.
गार : एक माठातलं पाणी, एक आभाळातून पडलेली,
जी इकडच्या पोरांना शिकवावी लागत नाही.

धारूरच्या घाटाखालची शाळा. दसरा चार दिवसांवर.
पोरं सीताफळं खात बसलेली,
बिया दप्तराच्या कप्प्यात, नंतर मोजायला.
मी विचारलं, डोळा म्हणजे?
मला वाटलं, एकाच चौकटीत भागेल.
"फळाला बी असत्यात की, बाई,
उघडले की उतरवायचं."
मी लिहून घेतलं. पेन नीट चालत नव्हतं.

मग 'उचल'चं पान.
चित्रात एक मुलगा पाटी उचलतोय.
शेजारची चौकट रिकामी,
खरं सांगायचं तर दुसरा अर्थ सुचला नव्हता
आणि कच्ची प्रत काढायची घाई होती.

शिवकन्या तांदळे, इयत्ता तिसरी,
न विचारता उभी राहिली.
"उचल म्हंजी मुकादम देतो ती.
आमची आलीय. एका कोयत्याची.
आई-पप्पा मिळून एक कोयता."

मी 'क'च्या पानावर कोयता काढला होता.
लाकडी मूठ, पात्यावर थोडी चमक,
रंगवणाऱ्यानं ती पिवळी केलेली.
तिच्या कोयत्याला चार हात होते,
चार पाय, आणि बहुधा
दोघांत मिळून एकच पांघरूण.
वर्गात कुणी हसलं नाही.
सतरांपैकी अकरांना हा अर्थ
चौकटीशिवाय येत होता.

सरांनी विषय बदलला. बरोबरच होतं ते, बहुतेक.

पुण्याहून संपादक नंतर फोनवर म्हणाले,
"छान आहे, पण मुलांच्या पुस्तकात हे नको.
जड होतं त्यांना."
मी म्हणाले, बघते.
जड म्हणजे? हे विचारायचं राहून गेलं.

त्या दिवशी निघताना तिला माझी प्रत दिली.
तिनं तिथंच, व्हरांड्यात, पालथं पडून
'उचल'च्या रिकाम्या चौकटीत ट्रॉली काढली.
वर पातेली, चुलीचं पत्र्याचं डबडं, एक शेळी,
आणि शेळीपाशी एक ठिपका.

हे काय गं?

"मी हाय ती."

मग पेन्सिल जिभेवर ओली करून
ठिपका जरा मोठा केला.