बरणी क्रमांक सात

रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
माणसांच्या आतड्यांत उगवलेले कोंब
माझ्या टेबलावर येतात. फॉर्मॅलिनमध्ये, झाकण घट्ट.
एकवीस वर्षं मी त्यांना मेणात बसवते,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापते,
कोमट पाण्यावर पसरू देते.
वाचायचं काम लोहोकरेबाईंचं.
माझं फक्त कापायचं.

पण हात शिकतातच.
शेवटच्या वळणापाशी सापडतात ते बारके, फिकट,
चहावरच्या बुडबुड्याएवढे;
त्यांचं बहुतेकदा काही होत नाही.
देठावर डुलणारे दिसतात भयंकर,
पण निदान मान वर काढतात,
फास टाकला की सुटून येतात.
मला धाक चपट्यांचा.
उजव्या अंगाला, घडीत,
शेंबडी चादर ओढून पडलेले.
काचेवर घेतले की आतून दातेरी निघतात, करवतीसारखे.
आणि झालरीवाले, मखमली. तेही.
शिवाय माप. सेंटिमीटरच्या अलीकडे की पलीकडे,
एवढ्याशा रेघेवर कुणाकुणाची झोप टांगलेली असते.

मंगळवारी सात नंबरची चिठ्ठी:
हनीफ उस्मान बागवान, वय चौपन्न.
नाना पेठेतले हनीफभाई.
माझी स्कूटर त्या दिवशी त्यांच्याच दारात उभी होती.

बारा मिलिमीटर. मी दोनदा मोजलं.
ब्लेड नवीन लावलं, जुनं चांगलं असताना.
गुलाबी. जांभळा. झालर होती थोडी.
देठ मुळाशी स्वच्छ.
बाई म्हणाल्या, वेळेत आलाय हा.
अजून काही वर्षं तसाच राहिला असता तर...
तीन वर्षांनी परत बोलावतील.
आणि पुढची काच मागितली.

शनिवारी स्कूटर आणायला गेले.
ते वाळलेत, की मलाच तसं वाटलं?
मला माहीत आहे, हे मला
माहीत असता कामा नये.
त्यांनी चिंधीला हात पुसले. म्हणाले,
"ब्रेकची वायर घातली नवी. आत्ता काही नाही.
पण तीन हजार झाले की दाखवा परत.
तुम्ही विसरता, मॅडम."

"तुम्हीही विसरू नका," मी म्हणाले.

ते बघत राहिले माझ्याकडे.
मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता,
आणि माझ्याकडे सुट्टे नव्हते.