रानपिंगळ्यासाठी सामान

टेबलावर मांडून ठेवलंय सगळं,
पासपोर्ट फोटो कापायच्या कात्रीशेजारी.
कॅमेरा. लांब भिंग, सात हप्ते अजून बाकी.
तीन बॅटऱ्या, त्यातली एक फुगलेली,
ती परत खणात.

चोपड्यात फाल्गुन म्हणजे
दुपारी स्टुडिओचं कुलूप हाताला चटका देतं.
वैजापूरच्या रानात मात्र पहाटे स्वेटर लागतो म्हणे.
स्वेटर घेतला. काढला.
शाल घेतली, ती भिंगालाही गुंडाळता येते.

ट्रायपॉड नको.
त्याचा एक पाय शिरपूरच्या वरातीत
घोड्याखाली गेला, तो अजून तसाच.
त्याऐवजी जुन्या अभ्र्यात सरकी भरली,
जिनिंगमधून मागून आणलेली,
आणि तोंड दाभणानं शिवून टाकलं.
दगडावर ही ठेवायची, हिच्यावर भिंग.
हाताखाली दाबली की सरकी सरकते,
मग बसते.

सागाची वाळली पानं
पायाखाली बिबड्यांसारखी मोडतात,
असं खुमसिंग फोनवर बोलला
तेव्हापासून घरभर आवाज शोधत फिरतेय मी.
बॅगेची चेन करकरते : मेणबत्ती घासली.
किल्ल्यांचा जुडगा : घरीच.
अर्धी बाटली डुचमळते : काठोकाठ भरायची,
प्यायली की लगेच दुसरी उघडायची नाही.
बुटांवरून हेमराजचे जुने मोजे चढवले
आणि फरशीवर चालून दाखवलं त्याला.
"मॅडम, मांजर,"
एवढंच म्हणाला, आणि हसू लपवायला
डार्करूममध्ये गेला, जिथं आता झाडू ठेवतो आम्ही.

सरुबाई दारातूनच,
"इतलं सामान कसाले व माय?"
रानपिंगळा, म्हटलं. छोटं घुबड असतं.
"घुबडना फोटू! मानसं सरनात का?"

माणसं नाही सरली.
सव्वीस वर्षं सांगतेय त्यांना,
हनुवटी वर, खांदे सैल,
काका, श्वास सोडा, पोट राहू द्या.
हा वीतभर पक्षी, भर दिवसा बोलणारा,
याला काय सांगणार.
शंभर वर्षांवर कागदोपत्री संपलेला होता,
मग शहाद्याकडच्या रानात
एका सकाळी फांदीवर बसलेला दिसला.
त्याला कुणी कळवलंच नसावं.

कळण्याच्या भाकरी चार.
शेंगदाण्याची चटणी, मीठ, डोकेदुखीच्या गोळ्या
फिल्म रोलच्या रिकाम्या डब्यांत,
अजून पस्तीसेक उरल्यात, टाकवत नाहीत.
पायाला लावायला करंजाचं तेल.
नको, वास येतो.
घेतलं.

नऊला खुमसिंगचा फोन,
टेकडीवर चढून केलेला, धापेसकट.
"ताई, एक काम होतं.
आईचा फोटो पाहिजे, पेन्शनच्या कागदाला.
मागं पांढरं लागतं म्हणतात.
ती आता खाली उतरत नाही."
"किती कॉप्या?"
विचारून झाल्यावर कळलं,
मी खुर्चीवर बसून पावतीपुस्तक ओढलं होतं.

बॅग पुन्हा रिकामी केली.
लांब भिंग राहिलं, दुसरं निघालं बाहेर.
फुलांचे, फुलपाखरांचे फोटो राहतील,
राहू देत.
त्या जागी पांढरा पडदा, आठ घड्यांचा,
कपड्यांचे चार चिमटे,
स्टुडिओतला कंगवा, हातातला आरसा.
पडद्याच्या एका कडेला हळद आहे
कुणा नवरीच्या कोपराची,
दोन उन्हाळे झाले, निघत नाही.
ती बाजू खाली जाईल अशी घडी बदलली.

पाचची बस.
हेमराजला सांगितलं, उद्या कुणी आलं तर
परवा या म्हण,
परवा आले तर चहा दे.
चेन ओढली.
आवाज आला नाही,
म्हणून अंधारात पुन्हा हात फिरवून पाहिलं
लागली की नाही ती.