लटकं संत्रं

ऑझवेस्ट्रीच्या टोकाला, जिथून पुढे वेल्स सुरू होतं
आणि पाट्यांवर गावांची नावं दोन-दोनदा लिहिलेली असतात,
तिथलं शेवटचं घर मिस्टर प्यूंचं.
दाराशेजारच्या पेटीत किल्ली, पेटीला नंबर,
नंबर माझ्या मनगटावर बॉलपेननं.
फाटकाशी एक झुडूप, जूनमध्ये पांढरंशुभ्र.

त्या दिवशी इन्सुलिन देऊन झालं, वहीत वेळ टाकली,
तर म्हातारा म्हणतो, "सिरिंगा आत आण."
मी म्हटलं, आजची दिली की.
"कुठे दिलीस? दोन तरी आण."
मी बॅग उघडली. वही पुन्हा पाहिली.
साखर उतरली की माणसं असं बोलतात,
म्हणून टोचायला बोट धरलं,
तर त्यानं ते सोडवून घेतलं
आणि खिडकीबाहेर दाखवलं.

हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.

त्याची आई सिरिंगा म्हणायची, म्हणून तोही.
खरं तर ते लायलॅकचं नाव, नर्सरीवाले सांगतात.
पण दोन्हींच्या काड्यांना आत मऊ गाभा;
तो ढकलून काढला की नळी, पोरं फुंकायची.
त्या नळीवरूनच माझ्या सिरिंजचंही नाव पडलं.
म्हणजे मी तशी चुकले नव्हते,
फक्त दोनेक हजार वर्षं उशिरा पोचले होते.

चेस्टरची मुलगी ब्रॉन्वेन हे मानत नाही.
"डॅड. मॉक ऑरेंज."

मिरजेला आम्ही टोचायला शिकलो ते संत्र्यावर.
बावीस पोरी, बावीस संत्री.
तिवडे सिस्टर म्हणायच्या, हाच दंड समजा.
साल आधी अडते, मग एकदम वाट देते;
कातडीही तशीच.
तिथे संत्रं माणसाचं सोंग करायचं,
इथे झुडूप संत्र्याचं करतंय.

वसतिगृहाच्या कुंपणाला कुंती होती.
रात्रपाळीहून परतताना आधी वास भेटायचा,
फाटक नंतर.
तिलाही इंग्रजीत मॉक ऑरेंजच म्हणतात,
हे मला इथे आल्यावर कळलं.
तिला पाच पाकळ्या, याला चार.
ती निदान लिंबाच्या कुळातली,
हे तेही नाही.

"तुमच्यात मॉकला काय म्हणतात?"

खोटं म्हणणार होते. नकली.
पण नाकात तो वास असताना जीभ वळेना.
थट्टा म्हणावं, तर कोणाची?
मग सुचलं: लटकं.
लटका राग असतो ना,
राग नसतोच, चेहरा तेवढा रागाचा,
आणि ज्याच्यावर धरलाय त्यालाही ते माहीत असतं.
"लट्का," ते म्हणाले. ट फारच मऊ.

दोन फांद्या गोळ्यांच्या ग्लासात ठेवल्या.
ग्लास कलंडला, मी सावरला.
"चाळीस वर्षं पोस्टमन होतो," ते खिडकीला सांगत होते,
"नावं लोक हमखास चुकवतात.
मी पत्ता वाचायचो."

पाचव्या दिवशी पाकळ्या पडल्या,
गुरुवारच्या गोळ्यांवर.

ऑक्टोबरात किल्लीची पेटी भिंतीवरून निघाली.
चार स्क्रूंची चार भोकं.
मी तरी मनगट धुतलं नाही लगेच.

डिसेंबरात दवाखान्यात एक पाकीट आलं:
ओल्या वर्तमानपत्रात पेन्सिलीएवढी काडी,
वर ब्रॉन्वेनचं अक्षर, "नर्स ॲबी ओली".
अबोली नावाची एकच आहे इथे,
आणि रस्ता, घरनंबर, पिनकोड, सगळं बरोबर.

कुंडीत लावलीय. दोन पानं आलीत,
तिसरं गोगलगाईनं खाल्लं.
फुलायला तीन वर्षं लागतील म्हणतात.
शेजारीण विचारते, काय आहे हे?
मी खांदे उडवते.
पाणी घालताना नुसतं
"ए" म्हणते.